सविताच्या जागी

कापसाची दुसरी वेचणी चालली होती तेव्हा मनकर्णाला फोन आला. ओटी कापसानं गच्च भरली होती आणि बोंडांची टोकं लागून बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. तिनं पदराला हात पुसले आणि फोन कानाला लावला.

पलीकडं नगरच्या सावेडीतल्या संस्थेच्या मोनिका मॅडम होत्या. "मनकर्णा, उभी आहेस का? आधी खाली बस. तुझं झालं बघ. सगळ्या राज्यातून चौघीच घेतल्यात, त्यात तू आहेस."

मनकर्णा खरंच सरीत बसली. मॅडम पुढं भराभरा बोलत होत्या. दोन महिने श्रीलंकेला. तिथं कुसुमा नावाची एक जुनी जाणती सुईण आहे, तीस वर्षं सरकारी नोकरीत घरोघर फिरलेली. तिच्याबरोबर राहायचं, तिच्यामागं फिरायचं, ती पोटुशा बायांना कसं सांभाळते ते बघून शिकायचं. मग इकडं येऊन आपल्या तालुक्यात तसं काम उभं करायचं. दिवाळीनंतर दहाव्या दिवशी विमान.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय मॅडम."

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या सरीत सविता, तिची भावजय, वाकून कापूस वेचत होती. सातवा लागला होता तिला. दहा बोंडं वेचली की ती कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची, आभाळाकडं बघायची आणि परत वाकायची.

"कुनाचा हो फोन, आक्का?"

"हापिसचा," मनकर्णा म्हणाली आणि ओटी मोकळी करायला बांधाकडं गेली.

मनकर्णाला माहेरी येऊन सात वर्षं झाली होती. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडली ती परत नेलीच नाही. पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. पाऊस दोन सालांत एकदा बरा, त्यामुळं दिवाळी सरली की घराघराला कुलूप. सगळे ऊसतोडीला. जाणाऱ्या बायांत दर साली पाच-सहा पोटुशा असायच्याच. बारावी झालेली म्हणून संस्थेनं मनकर्णाला आरोग्यसखी केलं. तिनं मग एक सवयच लावून घेतली. कोण कुठल्या टोळीत, कुठल्या कारखान्याला, तिथं जवळचा दवाखाना कुठला, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं, तिकडच्या नर्सबाईला फोन करायचा आणि मग आठवड्याला त्या बाईला. दोन सालांत अकरा बाया दवाखान्यात बाळंत झाल्या. मॅडमनी तिचं नाव पाठवलं ते याच्यासाठी.

पण हे सगळं सुरू झालं ते सवितामुळं. तीन वर्षांपूर्वी सविता आठव्या महिन्यात फडात होती. मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेली फळी चढताना कळ आली. लोकांनी तिला उसाच्या पाचटावर निजवलं. गाडी भरून झाल्याशिवाय न्यायला काही नव्हतं. पोरगा झाला आणि रडलाच नाही. घरी आली तेव्हा सविताच्या छातीत दूध दाटलेलं, आणि मनकर्णानं तिला कोमट पाण्यानं शेकताना ती एवढंच म्हणाली होती, "लई केस हुते हो त्याला."

म्हणून यंदा आषाढात सविताला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी मनकर्णानं शब्द दिला. "औंदा तुझ्या हातात कोयता द्यायचा न्हाई. अजिनाथबरूबर मी जाईन. तू आईपशी ऱ्हा." तिच्या भावानं, अजिनाथनं, टोळीच्या मुकादमाला तसं कळवलंही. कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, एकानं बांधायचं, दोघांनी गाडी भरायची. बहीण-भाऊ असले तरी चालतं, जोडी पुरी पाहिजे.

लंकेचा फॉर्म तिनं उन्हाळ्यात भरला होता. होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं. गोजरबाई, तिची आई, चुलीपुढून म्हणाली, "लंका? मारुती गेल्ता की गं तिथं." आणि तोंडावर पदर धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. "त्या भाड्यांनी माझी लेक टाकली. आता म्हनावं बघा, इमानात बसती."

अजिनाथ भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. "कवा जायचं?"

"दिवाळी झाल्यावर धाव्या दिशी."

"टोळी पाचव्या दिशी हालनार हाय."

सवितानं सगळ्यांना कालवण वाढलं. स्वतःच्या ताटात घेताना तिचा हात थांबला, आणि तिनं नुसत्याच भाकरीवर मीठ घेतलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा मुकादमाच्या घरी गेली. कल्याण मुकादम ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी गाडीचं सांगत होता. त्यानं तिला हातानं थांबायची खूण केली. ती उन्हात उभी राहिली. पाऊण तास झाला. त्याची आई छबूबाई दळण निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "तू लंकेला बाळंतपनं शिकायला चालली म्हनं? आगं, जिला लेकरू न्हाई तिनं काय शिकावं त्यात?"

मनकर्णाच्या कानशिलात ऊन भरल्यासारखं झालं. ती ओट्याच्या कडेला सरकून उभी राहिली. काम आपलं होतं.

कल्याण एकदाचा मोकळा झाला. ती म्हणाली, "भाऊ, अजिनाथला औंदा अर्धा कोयता घ्या. एकटाच येईल. निम्मीच उचल द्या त्याला."

"अर्ध्या कोयत्याला जोडीला कोन देऊ? दुसरा अर्धा हाय का तुज्याकडं?"

"बघते मी."

"बघ की. मी न्हाई म्हनत न्हाई." तो खरंच वाईट माणूस नव्हता. "पन मनाक्का, बारा कोयते लिहून दिल्यात मी. साडेअकरा घेऊन गेलो तर ती गाडी कोन भरनार? बाकीच्या बायाच भरत्यान ना? त्यांच्यात बी एक पोटुशी हाय. तिच्या डोक्यावर अजिनाथच्या मोळ्या देऊ का?"



मग ती अर्धा कोयता शोधत फिरली. वरच्या वस्तीवर रंगुबाई होती, विधवा, पन्नाशीची. रंगुबाईनं गुडघ्यावरचं लुगडं वर करून दाखवलं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. "माझं फिटलं बाई आता. पंचवीस साल वडलं ह्या गुडघ्यानं." खालच्या वाडीत एक दीर-भावजय होते, त्यांची जोडी आधीच ठरलेली. एक पोरगी होती सोळा वर्षांची, तिचा बाप म्हणाला, न्या की. मनकर्णानं त्या पोरीकडं बघितलं. ती दप्तर घेऊन शाळेतून आत्ताच आली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "न्हाई, नको," मनकर्णा म्हणाली आणि पाणी न पिताच उठली. चार दिवसांत तिच्या टाचांना भेगा पडल्या आणि माणूस एकही मिळालं नाही.

शनिवारी कुसुमाबाईशी पहिलं बोलणं ठरलं होतं. फोनवर चित्र दिसतं तसं. घरात रेंज नव्हती म्हणून मनकर्णा दारात भिंतीला टेकून बसली. पडद्यावर एका चौकोनात मोनिका मॅडम, एका चौकोनात पांढऱ्या साडीतली, सावळी, जाड भिंगांची म्हातारी. म्हातारी इंग्रजीत सावकाश बोलायची, मॅडम मराठीत सांगायच्या.

"त्या म्हणतात, तू मुलाखतीत जी गोष्ट सांगितली होतीस ना, फडातल्या बाईची, ती ऐकून त्यांनी तुला मागून घेतलं. ते बाळ पाचटावर जन्मलं, त्याला खूप केस होते, गाडी भरेपर्यंत कुणी नेलं नाही. त्या म्हणतात, ती रात्रभर त्यांच्या डोक्यातून गेली नाही."

मॅडमचा आवाज खणखणीत होता. मनकर्णानं आवाज कमी करायला बोट लावलं, पण उशीर झाला होता. मागं परातीत पीठ मळायचा आवाज थांबला.

"त्या विचारतात, ती बाई आता कुठं आहे?"

मनकर्णानं मान वळवली. सविता दारातच उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, आणि पोट इतकं पुढं आलेलं की पदर त्यावर नीट बसत नव्हता.

"बरी हाय म्हना," मनकर्णा म्हणाली.

मॅडमनी सांगितलं. म्हातारी भिंगांआडून बघत राहिली आणि आणखी काहीतरी बोलली.

"त्या विचारतात, तिला पुन्हा दिवस गेले तर तिच्याजवळ कोण असणार?"

मनकर्णानं फोन तोंडाजवळ धरला. "रेंज जातीय मॅडम," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

सविता तिथंच उभी. "माझंच सांगितलं व्हय, आक्का?"

"नाव न्हाई सांगितलं तुजं."

"नाव न्हाई सांगितलं," सविता म्हणाली. "केस सांगितले." मग ती आत गेली आणि पीठ मळायला लागली. त्या दिवशी तिच्या भाकरी सगळ्या चिरल्या.

दिवाळी आली तशी गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णा पाणी घेऊन आली तर सविता गोणीत भांडी भरत होती. तवा, परात, दोन डबे. वर तिचा स्वतःचा कोयता, मुठीला नवी चिंधी गुंडाळलेली.

"हे काय?"

"मी जाते त्यांच्यासंगं. तुमी लंकेला जा." सविता वर न बघता म्हणाली. "आत्याबाई बी तसंच म्हनत्यात."

मनकर्णा आईकडं वळली. गोजरबाई उंबऱ्यावर बसून वाती वळत होती. तिचा हात चालूच होता. "मग काय चुकीचं म्हनले? अजिनाथ फडातच झाला. मी तिसऱ्या दिशी मोळ्या बांधल्या. समद्याच करत्यात. तुजं काय हाय गं ह्या घरात? उद्या मी गेले की तू कुनाच्या दारात बसनार? तुला एकदा दार उघडलंय तर जा की त्यातून."

"आन हिचं काय व्हायचं?"

"हिला नवरा हाय," आई म्हणाली. "तुला कोन हाय?"

अजिनाथ अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. कानस सरकत होती, थांबत होती, परत सरकत होती. तो आत आला नाही. मनकर्णाला त्याच्या पाठीवरूनच कळलं की ती जे ठरवेल ते तो करणार आहे, आणि जन्मभर दोघींपैकी एकीच्या तोंडाकडं त्याला बघवणार नाही.

ती फोन घेऊन टेकाडावर गेली, जिथं कुणी ऐकणार नाही तिथं.

मोनिका मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मनकर्णा, चिडू नकोस, पण विचार कर. तू शिकून आलीस तर शंभर बायांचं भलं होईल. एका बाईसाठी तू शंभरींना सोडतेस."

"मॅडम, त्या शंभर मला अजून दिसत न्हाईत. ही एक चुलीपुढं बसलीय."

"दुसरं काही नाही का होणार? तिची सोय आपण..."

"किती दिवसांत?"

मॅडमनी पलीकडं कागद चाळले. मग म्हणाल्या, "जागा रिकामी ठेवता येत नाही गं. मला दुसरं नाव द्यावं लागेल."

"द्या."

ती तडक टेकाड उतरली. घरी आली, गोणी उलटी केली, सविताचा कोयता काढला आणि मुठीची चिंधी सोडून आपल्या हाताच्या मापानं परत बांधली. सविता कोपऱ्यात उभी राहून रडायला लागली. मनकर्णा म्हणाली, "रडू नगं. पोटाला पीळ बसतो." ते तिच्या तोंडून इतकं कडक आलं की सविता चटकन गप्प झाली. मनकर्णाला मग स्वतःचीच लाज वाटली, पण जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवणं काही तिला जमलं नाही.

सांगलीकडचा फड म्हणजे उसाची भिंत. पहाटे दव पडलेलं, पानं कात्रीसारखी. पहिल्या आठवड्यात मनकर्णाच्या गालावर, मानेवर, मनगटावर रेघाच रेघा उठल्या. घाम लागला की त्या पेटायच्या. अजिनाथ बुडातून तोडत पुढं जायचा, ती मागून शेंड्याचं हिरवं वाढं छाटायची, ऊस गोळा करायची, मोळी बांधायची. दुपारनंतर गाडी. मोळी डोक्यावर घेऊन हातभर रुंदीच्या फळीवरून चढायचं. फळी पावलाखाली लवायची. पहिल्या दिवशी ती मध्यावर थांबली. इथंच कुठंतरी अशाच फळीवर सविताला कळ आली होती. मागून कल्याण ओरडला, "मनाक्का, थांबू नगं, थांबलं की तोल जातो!" ती चढली.

तिसऱ्या आठवड्यात तिचं अंग ते शिकलं. मानेवर गाठ आली. हातांना घट्टे पडले आणि बोटं इतकी ताठली की फोनवर नीट अक्षरं उमटेनात. तरी दर बुधवारी ती वस्तीवरच्या चार बायांना फोन करायची, आणि रोज सविताला. टोळीत खरंच एक पोटुशी होती, पाचव्यातली. मनकर्णा तिला मोळ्या बांधायला बसवायची आणि तिच्या वाटच्या चार मोळ्या आपण चढवायची. कल्याण बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा.

एकदा मॅडमनी फोटो पाठवला. चहाच्या मळ्याच्या पायवाटेवर कुसुमाबाई, आणि तिच्याशेजारी छत्री धरलेली नाशिककडची एक मुलगी. मनकर्णानं तो फोटो मोठा करून म्हातारीची पिशवी बघितली. पिशवीतून वजनाचा काटा डोकावत होता. आणखी काय काय असेल त्यात, याचा विचार ती ऊस सोलता सोलता दोन दिवस करत राहिली.

पौष लागला. एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गाडी अर्धी भरली असताना आईचा फोन आला. "मने, सविताचं पानी गेलं. अजून पंधरा दिस हायेत ना गं?"

मनकर्णानं मोळी खाली टाकली. "पानी कसल्या रंगाचं हाय?"

"पांढरंच हाय."

"तिला चालवू नगं. डाव्या कुशीवर निजव. राहीबाईच्या पोराला जीप काढाय लाव, पाथर्डीला न्या. फाईल मडक्यामागं ठिवलीय, ती घे. तिथल्या शिस्टरला सांग, पहिलं लेकरू आठव्यात गेलंय. हेच पहिलं सांग. ऐकलंस का?"

"ऐकलं गं. ती तुजं नाव घ्यायलीय सारखी."

"फोन दे तिला."

पण फोनवर नुसती खरखर आली आणि मग तोही आवाज गेला. तिनं परत लावला. लागला नाही. सात वेळा लावला. आठव्यांदा तिच्याच फोनची बॅटरी संपली.

अजिनाथ कोयता हातात धरून समोर उभा होता. त्याच्या ओठांवर पाचटाचा भुसा चिकटलेला. "काय झालं?"

"निघालीय दवाखान्याला."

"आता?"

"आता काय न्हाई. गाडी भरायची."

आणि त्यांनी गाडी भरली. काही करता येण्यासारखं नव्हतंच. पाथर्डी एवढ्या लांब, की एसटीनं निघालं तरी रात्र झाली असती. मनकर्णा मोळी उचलायची, फळी चढायची, रिकामी उतरायची. चढताना ती मनातल्या मनात जीप कुठवर आली असेल ते मोजायची. आता डोंगर उतरली असेल. आता फाट्यावर. आता दवाखान्याच्या दारात, आणि आईला फाईल सापडली का नाही. दोन सालं तिनं दुसऱ्या बायांना फोन केले होते, आणि पलीकडं फोन लागला नाही तर कसं वाटतं ते तिला आज कळलं. एकदा तिचा पाय फळीवरून घसरला आणि नडगी सोलवटून निघाली. ती खाली न बघताच वर गेली.

दुपारी गाडी निघाली. ड्रायव्हरनं केबिनमध्ये चार्जिंगला लावून ठेवलेला तिचा फोन परत दिला. थोडीशी बॅटरी भरली होती. बांधावर बसून तिनं चालू केला, तोच वाजला.

"पोरगी झाली," आई म्हणाली. "रडली. लई रडली. अजून बी रडतीयच."

"सविता?"

"बरी हाय. दोन टाके पडलेत."

मनकर्णानं फोन अजिनाथच्या कानाला लावला. तो नुसता "हां, हां" म्हणत राहिला. मग खाली पाचटावर बसला आणि हाताच्या तळव्यांनी तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. टोळीतल्या बाया भोवती जमल्या. कुणीतरी गुळाचा खडा आणला. मनकर्णानं तो तोंडात टाकला, आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून तिनं पाणीच प्यायलं नव्हतं.

तिला वाटलं होतं संक्रांतीला परत जाता येईल. पण ओली बाळंतीण फडात येणार नव्हती, आणि अर्ध्या कोयत्याची गोष्ट कल्याणनं आधीच सांगितली होती. म्हणजे पाडव्यापर्यंत. ती त्याला विचारायलाही गेली नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सविताचा फोन आला. मनकर्णानं आधी तिचं सगळं विचारून घेतलं. अंगावरून जातंय का, ताप हाय का, दूध पुरतंय का. सवितानं नीट उत्तरं दिली. मग म्हणाली, "आक्का, हिला बी लई केस हायेत."

मनकर्णानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? त्या लंकेच्या बाईला सांगा म्हनावं. तेवढंच सांगितलं हुतंत ना तिला, आता हे बी सांगा." सविताच्या आवाजात राग नव्हता. "आन पुढल्या साली मी जाते फडात. हिला आत्याबाई सांभाळत्यान. तुमी परत फारम भरा. तुमाला घेत्याल. आधी घेतलंच हुतं की."

त्या फॉर्मवर वरच्या अंगाला लिहिलेलं होतं, वय तिशीच्या आत. माघात मनकर्णाला एकतिसावं लागणार होतं. हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. तिनं सांगितलंच नव्हतं.

"भरीन," ती म्हणाली.

"नक्की?"

"व्हय गं, नक्की. तू आता निज. ती निजती तवाच तू निजायचं."

फोन बंद करून तिनं कमरेला खोचला. गाडी लागली होती. कल्याण हाका मारत होता. अजिनाथ मोळीला हात लावून तिची वाट बघत होता. "काय म्हनली?"

"काय न्हाई. दूध पुरतंय म्हनली."

त्यानं मोळी उचलून दिली. मनकर्णानं मान वाकवून ती डोक्यावर घेतली आणि फळीवर पाय ठेवला.